चिंबोरीचा दुसरा नांगा

एकोणिसाव्या वर्षी मी एका चिंबोरीला दुसरा नांगा काढला आणि एका भल्या बाईच्या चार वर्षांच्या कष्टांवर पाणी फिरवलं. चिंबोरी कागदावरची होती, म्हणून प्रकरण पोलिसांत गेलं नाही, एवढंच. आमच्या पालघर-बोईसरकडे खेकड्याला चिंबोरी म्हणतात आणि तिच्या पुढच्या चिमट्यासारख्या हाताला नांगा. त्या चिंबोरीला एकच नांगा होता आणि तो तसाच हवा होता. हे मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. मला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून केलं, म्हणून तर आज कबूल करावं लागतंय.

चिंबोरी पेटीबाईंची. बाई उमरोळीजवळच्या एका शाळेत शिकवत. मूळच्या तारापूरकडच्या, किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या घरातल्या. त्यांच्या गावातून शिकून शिक्षिका झालेली ती पहिली मुलगी. वर्गात अगदी पुस्तकातलं मराठी बोलत, पण राग आला किंवा माया आली की घरची बोली बाहेर पडे, त्यामुळे त्यांचं नेमकं काय चाललंय हे ऐकणाऱ्याला लगेच कळायचं. पेटीबाई हे नाव मुलांनी ठेवलेलं. चहाच्या रिकाम्या खोक्याला पुढून खिडकी कापलेली, आत बांबूच्या दोन काठ्या, आणि एकीवरून दुसरीवर गुंडाळत जाणारी चित्रांची लांबच लांब गुंडाळी. बाजूची मूठ फिरवली की खिडकीतून चित्रं सरकत आणि बाई गोष्ट सांगत. साठच्या त्या दशकात आमच्या भागातल्या पोरांचं कार्टून म्हणजे हेच. दर रविवारी बाई ती पेटी डोक्यावर घेऊन कधी डोंगराकडच्या पाड्यांवर, कधी किनाऱ्यावर जात.

मी त्यांच्याकडे गेले ती शिकायला नव्हे, त्यांना मदत करायला, अशी माझी समजूत होती. ड्रॉइंगच्या इंटरमिजिएट परीक्षेत मला ए ग्रेड मिळाली होती आणि ही बातमी मी पालघरात कुणालाही विचारायला न लावता सांगत असे. मी काढलेल्या प्रत्येक प्राण्याला लांब पापण्या असत. बेडकालासुद्धा. बाईंनी माझी वही शेवटपर्यंत पाहिली आणि म्हणाल्या, छान, आता एक कोंबडा काढ. मी तासभर बसून पिसन् पीस काढलं. बाईंनी तो कोंबडा घेतला, चुलीतला कोळसा उचलला आणि माझ्या डोळ्यांदेखत तो सगळा काळा करून टाकला. मग कागद अंगणापलीकडच्या कुडाला टोचला आणि शेजारच्या म्हातारीला हाक मारून विचारलं, हे काय आहे? म्हातारी डोळे बारीक करून म्हणाली, "चाची किटली."

मी रडवेली झाले. बाईंना त्याचं काहीच नव्हतं. त्या म्हणाल्या, किनाऱ्यावरच्या बायका संध्याकाळी उभ्या असतात तेव्हा होडीचं नाव वाचत नाहीत. लांबून काळा ठिपका दिसतो, त्याच्या आकारावरून सांगतात आपली कुठली. पात्र असं हवं. "आधी सावली काड," त्या म्हणाल्या, "मंग पापन्या." त्या दिवसापासून त्या मला ए-ग्रेड म्हणायला लागल्या. आली आमची ए-ग्रेड. ए-ग्रेड, जरा चिकटवायला खळ शिजव. ए-ग्रेड, ती काठी धर. कुणी ऐकलं असतं तर वाटलं असतं, केवढं कौतुक चाललंय.

रंगांचं त्यांना कौतुक नव्हतं. गेरू, हळद, नीळ, काजळ यांवर काम भागे. बाजारातले रंग फक्त चिंबोरीच्या नारिंगीसाठी. कौतुक होतं चालीचं. त्या वेळी तारापूरला वीजघराचं बांधकाम चालू होतं आणि बोईसर स्टेशनावर कुठकुठची माणसं उतरत. बाई मला तिथल्या बाकावर बसवून ठेवत आणि विचारत, ही ट्रंक उचलणारी बाई प्राणी असती तर कोण असती? मी म्हणायची, हरीण. कारण मला हरीण चांगलं जमायचं. बाई म्हणायच्या, नीट बघ, पाय आधी टाकते की मान? त्यांचं सांगणं असे की रूप कुणालाही देता येतं, रीत द्यायला माणूस बघावा लागतो. त्यांच्या गोष्टीतला बगळा एका कचेरीतल्या कारकुनावरून घेतलेला होता. तो जेवणाच्या सुट्टीत एका पायावर भार टाकून इतका वेळ उभा राही की बाईंना दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं.

त्याच गोष्टीत एक पाणकोंबडी होती. मान पुढे काढून, शेपूट उडवत, सगळ्यांना सल्ले देत चालणारी. तिची चित्रं उतरवून काढायचं काम माझ्याकडे होतं. मी तिला चाळीसएक वेळा तरी काढली असेल आणि दर वेळी मनात म्हटलं असेल, काय पण नग आहे. पुढे एका रविवारी मी पेटीच्या मागून खळीचा डबा घेऊन पुढे आले, तर समोरची पोरं एकदम हसत सुटली. एक मुलगी पेटीकडे आणि मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आली बगा, बाहेर आली." बाईंनी त्या वेळी फार गंभीर चेहरा करून काठी बसवायला घेतली. मी घरी जाऊन आरशापुढे चालून पाहिलं. आरसा लहान होता, पण तेवढ्यातही पाणकोंबडी पुरेशी दिसली.

या सगळ्यांची नायिका मात्र चिंबोरी. जाळ्यातून सुटताना तिचा एक नांगा तुटलेला. एका नांग्यानं बीळ उकरायचं, त्याच नांग्यानं पिलांना भरवायचं, आणि वरून बगळा टपलेला. त्याच्याशी मारामारी शक्य नाही, म्हणून दर चित्रात ती एक नवी युक्ती काढते. सगळी गोष्ट एवढीच. तिचे डोळे म्हणजे दोन ठिपके. मी एकदा विचारलंही होतं, बाई, हिला जरा सुंदर करू या का? त्या म्हणाल्या, तिला सगळं दिलं तर पोरं तिला काय देतील? ते मला तेव्हा कळलं नाही. डोंगराकडच्या एका पाड्यावर एक लहान मुलगी होती, शाळेत कधी तोंड उघडत नसे. चिंबोरीचा दाणा पाण्यात पडला त्या चित्रापाशी ती एकदम उठली आणि खिडकीत हात घालून म्हणाली, "मी धरते." बोईसरला कामगारांच्या झोपड्यांपुढे खेळ केला तेव्हा तिथल्या पोरांना मराठीचा गंध नव्हता. तरी खेळ संपल्यावर एकानं बाईंचा पदर ओढला, "मौसी, वो एक हाथवाली फिर से दिखाओ ना." बाईंनी उलटी मूठ फिरवून अख्खी गोष्ट पुन्हा दाखवली.

बाई चार वर्षं सरकारकडे अर्ज करत होत्या, त्यांना अखेर यश आलं. जिल्ह्याहून शिक्षण खात्याचे एक साहेब तारापूरला येणार होते आणि बाईंच्याच गावच्या शाळेत पेटीचा खेळ पाहणार होते. त्यांना पसंत पडलं तर गुंडाळी छापून तालुक्यातल्या सगळ्या शाळांना जाणार होती. बाईंचा हा एकच ध्यास होता. एक पेटी आणि दोन पाय किती पाड्यांना पुरणार, असं त्या म्हणत. जुनी गुंडाळी हात लागून लागून मळली होती, म्हणून ती नव्यानं उतरवून काढायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. आठ दिवस, बावीस चित्रं.

पहिली दोन चित्रं मी नेमकी उतरवली. तिसऱ्याला माझ्यातली ए ग्रेड जागी झाली. एवढे मोठे साहेब येणार आणि आपण त्यांच्यापुढे लुळी चिंबोरी ठेवायची? बाईंचा हट्ट आपला बाईंपाशी. साहेबांना चित्र अर्धवट वाटलं तर नुकसान बाईंचंच. असं माझं मीच ठरवलं आणि तिला दुसरा नांगा काढला. भलामोठा, छायाप्रकाश दाखवून, टोकाशी चमक देऊन. मग मागे जाऊन पहिल्या दोन चित्रांतही काढला. हात चालूच होता म्हणून पापण्याही काढल्या. बाई आदल्या दिवशीच गावी गेल्या होत्या. मी पेटी घेऊन परस्पर बोईसरला उतरले आणि तिथून एसटीनं तारापूरकडे गेले. वाटभर मनात ठरवत होते की बाईंनी आभार मानले तर आपण काय म्हणायचं.

खेळ सुरू झाला. साहेब खुर्चीवर, पोरं जमिनीवर, बाई मुठीशी. पहिलं चित्र आलं. पुढची एक चिमुरडी म्हणाली, "ही कोन?" तिच्या बाजूची म्हणाली, "चिंबोरी हाय, पन आपली नाय." बाईंनी वाकून खिडकीत पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. मूठ फिरवत त्यांनी गोष्ट चालू ठेवली, जणू काही झालंच नाही. पण किनाऱ्यावरची पोरं ती. एक मोठी मुलगी उठून उभी राहिली आणि सगळ्यांना समजावू लागली की चिंबोरी कात टाकते तेव्हा तुटलेला नांगा परत येतो, पण आधी बारका येतो, असा एकदम थोराड येतच नाही. म्हणून हा खोटा हाय. मग बगळा आला. चिंबोरीनं नेहमीची युक्ती काढली, चिखलाखाली दडली. मागून आवाज आला, "दोन नांगे हायत, तर धरीत का नाय त्याला?"

पुढे गोष्ट अशी उरलीच नाही. दर चित्राला तोच प्रश्न, आणि तो बरोबर होता. दोन धडधाकट नांग्यांची चिंबोरी बगळ्यापुढे लपते तेव्हा ती हुशार दिसत नाही, भित्री दिसते. एका पात्रातली एक वस्तू मी बदलली होती आणि बाकीची सगळी गोष्ट तिच्याबरोबर कोसळली. हे मला पुढे कुठल्याही वर्गात इतकं स्वच्छ कुणी शिकवलं नाही.

साहेबांना मात्र चित्रं फार आवडली. सुबक आहेत म्हणाले. पोरांच्या गलक्यातून त्यांना एका नांग्याची हकीकतही कळली, तेव्हा हसून म्हणाले की आता आहे तेच ठीक. छापील साहित्यात लुळापांगळा प्राणी बरा दिसत नाही. हीच गुंडाळी आठ दिवसांत पाठवा, मी सही करतो. मी नांगा काढला नसता तर त्यांना दोन नांग्यांची चिंबोरी सुचली असती का, कोण जाणे. मी त्यांच्या हातात आयती दिली होती. बाई म्हणाल्या, मुलांना विचारून सांगते. साहेबांना ती थट्टा वाटली.

पुढचं आधीच सांगून टाकते. गुंडाळी छापली गेली नाही. बाईंनी आठ दिवसांत पाठवली खरी, पण साहेबांना हवी होती तशी नव्हे, आणि त्यावर कधी उत्तर आलं नाही. बाई नोकरी संपेपर्यंत पेटी डोक्यावर घेऊन हिंडल्या. मी मुंबईला जाऊन कार्टूनच्या जाहिराती करणाऱ्या एका स्टुडिओत पात्रं काढायला लागले आणि तिथं पहिल्याच दिवशी आपलं चित्र काळं करून भिंतीला लावलं, तर सगळ्यांना वाटलं ही वेडी आहे. महिन्याभरात सगळेच लावू लागले. बाईंना जाऊनही आता खूप वर्षं झाली. पेटी माझ्या घरी आहे, सहा गुंडाळ्यांसकट. परवा नात मूठ फिरवत बसली होती. तिनं विचारलं, आजी, या गुंडाळीत हिचा एक हात एवढासा आहे, त्या पुढच्या गुंडाळीत थोडा मोठा, आणि शेवटच्यात जवळजवळ सारखा, असं का?

असं यासाठी, की त्या खेळानंतर मी तीन दिवस घरात तोंड लपवून बसले. आईला वाटलं पोट बिघडलं, तिनं ओवा दिला. चौथ्या दिवशी हिय्या करून उमरोळीला गेले. बाई अंगणात बसल्या होत्या, पुढ्यात माझी गुंडाळी उलगडलेली, चारी कोपऱ्यांवर दगड. पापण्या त्यांनी ब्लेडनं खरवडून काढल्या होत्या. नांगा तसाच होता. मी त्यांच्या समोर बसले आणि एका दमात म्हणाले की माझं चुकलं, मी रात्रंदिवस बसते, पांढरा रंग लावून बावीसच्या बावीस नांगे पुसून टाकते, कुणाला पत्ता लागणार नाही. बाईंनी माझ्यापुढे ब्रश सरकवला आणि म्हणाल्या, "पुसू नको. पोरांनी बगितलाय तो, आता नवताच कसा म्हनशील? बारका कर, नवीन आल्यासारका. मंग दर वर्साला तूच थोडा थोडा वाडव, बाय. एकदम मोटा काडलास, त परत तिला कोन ओलखायचं नाय, आनि तुलाबी नाय."