चार बोटं वर राहिलेला गज

पोलादपूरजवळच्या आमच्या वाडीत एका शेतकऱ्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक आहे, डुकरांपासून भात राखायला. तिचा शिसवी दस्ता त्याने स्वतः घडवलाय. दुसऱ्या कुणी ती हातात घेतली की या शेतकऱ्याचं बोलणं थांबतं आणि नजर नळीच्या तोंडावर जाते.

दसऱ्याला ती पूजेच्या पाटावर होती. मुंबईहून आलेल्या त्याच्या पुतण्याने ती उचलून माझ्या छातीवर रोखली आणि बायकोला म्हणाला, “फोटो काढ गो.” मीही मूर्खासारखा हसलो.

“घोड्याला बोट लावू नको रे,” चुलता हळू आवाजात म्हणाला. जवळ जाऊन त्याने नळी आढ्याकडे वळवली आणि बंदूक काढून घेतली. घोड्याखाली बार पेटवणारी तांब्याची टोपी बसलेली होती, ती नखाने काढली. मग नळीत दारू ठासायचा गज सोडला. रिकाम्या नळीत तो पुरता बुडतो. आज चार बोटं वर राहिला.

“मीच परवा ठासली हाय,” तो म्हणाला. “ध्यानातच नाय राह्यलं.”

पूजेच्या तांब्यातलं पाणी त्याने नळीत ओतलं आणि आतली दारू भिजवली.

आता वाटेत भेटला की तो आधी माझ्या छातीकडे बघतो, मग तोंडाकडे.