हिरडीवरची फिल्म
कॉलेज रोडवर चायनीजच्या गाडीवरून व्हिनेगरचा भपका आला आणि फार्मसी कॉलेजची आमची लॅब आठवली. एम.फार्म.ला असताना मी हिरडीवर चिकटवायची औषधाची फिल्म, म्हणजे पातळ पापुद्रा, बनवत होते. ती तोंडात हळूहळू विरघळत दिवसभर औषध सोडणार होती. कोळंबीच्या कवचापासून केलेली पूड असल्याच आंबट पाण्यात विरघळवून काचेच्या बशीत ओतायची आणि वाळवायची. नाशिकच्या कोरड्या मार्चमध्ये ती तडकायची, मग ग्लिसरीन वाढवून मी पुन्हा ओतायचे. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी शेवटी ती फिल्म उजेडात धरली आणि म्हणाले, "मॅडम, असले पापड घरी वाळत घालायचे. तोंडात तासभर तरी टिकेल का हे?" मी म्हणाले, "सर, औषध न घातलेली अशीच एक फिल्म सकाळपासून माझ्या तोंडात आहे. ती तशीच ठेवून मी तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली," आणि खालचा ओठ ओढून दाखवला. ते घाईघाईनं "बरं, बरं" म्हणाले, पण चष्मा लावून नीट वाकून बघेपर्यंत मी ओठ सोडला नाही. आज गाडीपाशी जीभ आपोआप त्याच हिरडीवर गेली, आणि मी गाडीवाल्याला म्हटलं, "दादा, व्हिनेगर अजून टाका."