दादाच्या मेंढरांमागे, सातारा ते नांद्रे

पौषातल्या त्या शनिवारी सकाळी मी रोजची पूजा उरकली, बिरोबाच्या टाकाला भंडारा लावला आणि तेच पिवळं बोट शाळेच्या कॅमेऱ्यालाही टेकवलं. कॅमेरा माझा नव्हता, त्याला प्रवासात काही होऊ नये एवढाच हेतू. मग तो टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवला, वर कंदी पेढ्यांचा पुडा ठेवला आणि रेल्वे स्टेशनची रिक्षा धरली.

साताऱ्याचं स्टेशन गावापासून लांब आहे. इकडून रेल्वेने जायचा विचार असेल तर अर्धा तास हाताशी ठेवा. बसने सांगलीला लवकर पोचता येतं, पण पॅसेंजरचं तिकीट इतकं स्वस्त की वाटेतला चहा आणि वडापाव त्याहून महाग पडतो. शिवाय मला जायचं होतं भिलवडीच्या आसपास, आणि नक्की कुठे ते मलाच माहीत नव्हतं.

आधी हे सांगतो की मी निघालो कशासाठी.

मी साताऱ्यातल्या एका शाळेत प्रयोगशाळा परिचर आहे. मुलं मला मामा म्हणतात. शाळेत माझ्यासारख्या सगळ्यांनाच मामा म्हणतात. यंदा शाळेने नववीसाठी दर शुक्रवारी फोटोग्राफीचा वर्ग सुरू केला. वर्ग प्रयोगशाळेत, म्हणून कुलूप उघडायला मी. पहिल्या दिवशी दारात उभा राहून ऐकत होतो. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या थोरल्या मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, "मामा, उभ्यानं शिकणार का? बसा की." शेवटच्या बाकावर बसलो, तो आजवर तिथेच बसतो.

त्या दिवशी मॅडमनी खिडक्यांना काळा कागद लावून घेतला आणि एका कागदाला बारीक भोक पाडलं. समोरच्या भिंतीवर बाहेरचं कडुलिंबाचं झाड उलटं उतरलं. मुलं ओरडली. मी ओरडलो नाही, कारण मी ते आधी पाहिलं होतं. सहा-सात वर्षांचा असताना तापाने पडलो होतो. आमच्या घराच्या दाराला एक भोक होतं. दार लावलेलं, खोलीत अंधार, आणि भिंतीवरून माझा थोरला भाऊ डोकं खाली पाय वर करून मेंढरं घेऊन निघाला होता. तापात दिसलं असेल म्हणून मी कुणाला कधी बोललो नाही. ते खरंच होतं हे मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं.

डिसेंबरात मॅडमनी काम दिलं. आपलं एक माणूस, त्याच्या कामाच्या जागी. फोटो दहाच काढायचे, आणि काढलेला पुसायचा नाही. मुलांनी भराभर नावं सांगितली. आजी, बाबा, गॅरेजवाला काका. मी म्हणालो, "आपल्या शाळेचा माळी."

"माळीमामा तुमचे कोण, मामा?" सानिका नावाच्या पोरीने विचारलं.

आम्ही माण तालुक्यातले. आमचं घर मेंढरं राखणारं. घरात दोन मुलगे. एकाने मेंढरांमागे जायचं आणि एकाने शाळेत, असं ठरलं. दादा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. चौथी झाली होती त्याची आणि अक्षर माझ्याहून चांगलं होतं. मेंढरांमागे तो गेला. दर दिवाळीनंतर तो बिऱ्हाड घोड्यावर घालून कृष्णाकाठच्या उसाच्या मुलखात उतरतो आणि पावसाच्या आधी माघारी येतो. मेंढरांच्या तळाला आम्ही वाडा म्हणतो. दर दोन-चार दिवसांनी वाडा हलतो, नव्या शेतात बसतो. नऊ वर्षांचा होईतो मीही वाड्याबरोबर फिरलो. मग वसतिगृह, मग नोकरी. त्यानंतर एकदाही वाड्यावर गेलो नाही. शाळेत मी "गावाकडे शेती आहे" एवढंच सांगत आलो. खोटं नाही, चार एकर आहे. पण मेंढरांचं कधी बोललो नाही.

आणि मग वहिनीचा फोन आला. "भावजी, यंदाची शेवटची खेप. गुडघं गेलं त्येंचं. पावसाच्या आत मेंढरं इकायची म्हणत्यात."

माझं माणूस आणि त्याच्या कामाची जागा, दोन्ही चार-पाच महिन्यांत एकमेकांपासून सुटणार होती. त्याआधी मला दोघांचा मिळून एक फोटो हवा होता.

गाडी कोरेगाव, रहिमतपूर करत निघाली. खिडकीतून ऊन तिरकं आत येत होतं. वर्गात बसायला लागल्यापासून मी ऊन बघायला शिकलोय. आधी ते नुसतं असायचं. कराडला समोरच्या बाकावर एक म्हातारबाबा येऊन बसले. मलकापूरचे, पलटणीतून निवृत्त झालेले. कॅमेरा बघून म्हणाले,

"लग्नाची ऑर्डर हाय का?"

"न्हाई. भावाचा फोटो काढायला निघालोय."

"भावाचा? आवं, आधार कार्डावर हाय की त्येचा!" सगळा डबा हसला. मग मिशीवरून हात फिरवत हळूच म्हणाले, "माझा काढा की एक. खिडकीकडनं. ह्या बाजूनं जरा बरा दिसतो म्हणत्यात."

दहातला पहिला फोटो त्यांचा झाला. पुढे एक शिवारातल्या उसाच्या ट्रॉल्यांचा, एक नदीच्या पुलावरून.

भिलवडीला उतरून दादाला फोन लावला. "तिथनं हाललो की काल," तो म्हणाला. "नांद्र्याच्या शिवारात हाय. पुढच्या ठेसनाला उतरायचं हुतं." माझी गाडी तोवर निघून गेली होती. तुम्ही वाडा शोधायला निघालात तर माझ्यासारखं करू नका, गाडीत बसण्याआधी फोन करा. मी वडाप धरलं, म्हणजे माणसं भरल्याशिवाय न हलणारी जीप. ड्रायव्हरने विचारलं, "पावनं, नांद्र्यात कुणाकडं?" मी म्हणालो, "मेंढरं आल्यात न्हवं, तिकडं." कुणाची, ते सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही.

रस्त्याच्या कडेला ऊस तुटलेलं रान दिसलं. मधोमध मेंढरं, कडेला वाघर म्हणजे जाळीचं कुंपण, घोडा, तीन दगडांची चूल. कुत्रं अंगावर आलं. ओळखीचं नसेल तर तिथंच थांबा आणि हाक मारा, मेंढरांच्या मधून चालत जाऊ नका. मला हे लहानपणी माहीत होतं. आता वहिनीने ओरडून सांगावं लागलं.

दादा काठीवर हनुवटी टेकून उभा होता. "आलास व्हय. वाट घावली?"

"घावली." इतक्या वर्षांनी माझ्या तोंडातून तो शब्द तसाच आला.

पेढे दिले. कॅमेरा बाहेर काढला, तसा तो म्हणाला, "त्ये ठेव पिशवीत."

"का?"

"मेंढरांचा फोटू काढत न्हाईत. गेल्या साली गाडीतनं पोरं उतरली, फोटू काढून गेली. दुसऱ्या दिशी दोन कोकरं गेली. दिष्ट लागती."

"दादा, फोटोनं काय हुत न्हाई. मी प्रयोगशाळेत असतो रं."

"तू शाळेतला," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "आमी मेंढरांतलं."

मी कॅमेरा ठेवला. सकाळपासून चाललेला प्रवास त्या वाक्यापाशी येऊन थांबल्यासारखा झाला.

दिवस कलल्यावर वहिनीने हुलग्याचं माडगं केलं, बाजरीच्या भाकरी थापल्या. हे माणदेशी जेवण हॉटेलात शोधू नका, मिळणार नाही. भाकरी भाजता भाजता ती म्हणाली, "वाटंत काय काढलं ते तर दावा." मी पडद्यावर तिन्ही फोटो दाखवले. फौजी बाबा, ट्रॉल्या, पूल.

"ह्ये धुकं कुठलं वो, भावजी? दुपारचं?"

खरंच, तिन्हींवर पिवळसर धुरकट पडदा होता. मी लेन्सच्या काचेवर बोट फिरवलं. बोट पिवळं झालं. टॉवेलाला लागलेला भंडारा काचेवर पसरला होता.

"आगं आई!" वहिनी हसत सुटली. "द्येवाला लावायचा भंडारा ह्येनी क्यामेऱ्याच्या डोळ्यात घातला!" आणि मी नको नको म्हणेपर्यंत तिने पदराच्या टोकाने काच पुसूनही टाकली. मॅडमनी ते पाहिलं असतं तर वर्ग सोडून गेल्या असत्या.

दादा हसला नाही. त्याने विचारलं, "बिरोबाचा भंडारा?"

"व्हय. घरातनं निघताना लावला."

तो जेवला आणि घोंगडं घेऊन पडला.

सकाळी उन्हाची पहिली तिरीप आली तेव्हा तो वाघर सोडत होता. मेंढरांच्या अंगावरून वाफ निघत होती. माझ्याकडे न बघता म्हणाला, "भंडारा लागलाय न्हवं त्येला? मग काढ एक. एकच."

मी वर्गात शिकलेलं सगळं आठवलं. ऊन पाठीशी नको, बाजूला. क्षितिज मधोमध नको. घाई नको. एक फोटो काढला. दादा काठी घेऊन उभा, पुढे मेंढरांची लाट, मागे सोनेरी धूळ. पडद्यावर पाहिला आणि छाती भरून आली. एवढा चांगला फोटो मी आयुष्यात काढला नव्हता. दादाला दाखवला.

त्याने तो खूप वेळ पाहिला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग एका कोपऱ्यावर काळं नख ठेवलं.

"ही डावीकडली. मागचा पाय टेकत न्हाई."

मला तिथं मेंढरू आहे हेसुद्धा दिसलं नव्हतं. तो काठी टाकून निघाला. एवढ्या मेंढरांतून नेमकी तीच धरली. खुराच्या बेचक्यात उसाचा धस, तुटलेल्या बुडख्याचा टोकदार तुकडा, घुसला होता, बोटाएवढा. मी तिचं तोंड धरून बसलो, त्याने चिमट्याने धस ओढून काढला, हळद भरली. मेंढी माझ्या मांडीवर धापा टाकत होती. तो लोकरीचा उबदार वास नाकात गेला आणि मी एकदम लहान झालो. डोळे भरले. दादाने ते पाहिलं असावं, पण तो पायाकडेच बघत राहिला.

"फोटू चांगला हाय तुझा," तो म्हणाला. "पाय दिसला."

आणि मग, "काढ आता काय काढायचं त्ये."

उरलेल्या सहांतले पाच तिथेच काढले. दादा गुडघ्यावर बसलाय, मेंढीचा पाय त्याच्या तळहातात. एकाही फोटोत तो माझ्याकडे बघत नाही.

दुपारी वाडा हलला. माधवनगरच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या रानात बसायचा होता. मेंढरं बसली की रानाला खत होतं. तास-दीड तास मीही चाललो, काखेत एक दिवसाचं कोकरू. त्या दीड तासात एक फोटो उरला होता तरी काढला नाही. हात मोकळे नव्हते. दादा एक पाय ओढत पुढे चालला होता. मधेच थांबून, मागे न वळता म्हणाला, "वैशाखात माघारी निघायचं. आठधा मुक्काम हुतील घरापतुर. शेवटचं. येतूस का?"

"रजा बघायला लागंल," मी म्हणालो.

"बघ."

एवढंच. त्याने पुन्हा विचारलं नाही.

सांगलीला येऊन गणपतीचं दर्शन घेतलं. गाभाऱ्यासमोर नेहमी काही ना काही मागतो. त्या दिवशी हात जोडले आणि काय मागायचं तेच ठरेना. बाहेर भडंगाचे दोन पुडे घेतले आणि साताऱ्याची बस धरली. बसमध्ये बायकोचा फोन आला. "मिळाला का फोटो?" मी म्हणालो, "मिळाला." तरी काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं, आणि ते काय, हे कराड येईपर्यंत मला कळून चुकलं होतं. फोटोत दादा होता आणि मेंढरं होती. मी नव्हतो. कधीच नव्हतो.

शुक्रवारी वर्गात मॅडमनी माझे फोटो भिंतीवर लावून दाखवले. धुरकट तीन फोटो त्यांनी भराभर पुढे ढकलले. पायाच्या फोटोपाशी थांबल्या. सानिकाने विचारलं, "मामा, हे कोण?"

"माझा थोरला भाऊ. आमची मेंढरं आहेत. ही आमचीच."

"ते कॅमेऱ्याकडे का नाही बघत?"

"काम चालू होतं ना त्याचं."

पोरांना त्यात विशेष काही वाटलं नाही. मागून एकाने फक्त विचारलं, "चावतात का हो?" इतकी वर्षं मी जे झाकत आलो त्यावर एवढाच प्रश्न आला.

तुम्ही या भागात आलात तर जानेवारी बरा. ऊस तुटत असतो, हवा कोरडी असते, वाडे रस्त्यावरून दिसतात. विचारून फोटो काढा. आणि काढलात तर त्या माणसाला दाखवा. त्याला त्यात तुमच्यापेक्षा जास्त दिसेल.

पायाचा तो फोटो छापून घेतला, आता घरी आहे. संध्याकाळी दिवा लावला की मी त्याच्यासमोर थोडा बसतो. तीन आठवडे बसलो. रजा मागायला काय अवघड होतं ते मलाच सांगता येत नाही. इतक्या वर्षांत माझ्या प्रत्येक अर्जात एकच कारण आहे, घरगुती. याही वेळी तेच लिहिलं असतं तर कुणी विचारलं नसतं. ते लिहून दोन कागद फाडले.

काल तिसरा कागद लिहिला. "माझ्या भावाच्या मेंढरांबरोबर सांगलीहून गावी चालत जाण्यासाठी, दहा दिवस." मुख्याध्यापकांनी चष्मा वर करून तो दोनदा वाचला.

"चालत? मेंढरांबरोबर?"

"होय सर. आमचीच आहेत."

"वार्षिक परीक्षा झाली की जा," ते म्हणाले आणि सही केली.

मी बाहेर व्हरांड्यात येऊन दादाला फोन लावला. मागून मेंढरांचा आवाज येत होता. म्हणालो, "दादा, रजा घेतली. येतोय मी."

त्याने मेंढरांना एक हाळी दिली. मग म्हणाला, "पायताण चांगलं घे."