चर्चच्या घंटेचा दोर

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही.

आमच्या शहरातल्या फ्रीगंज भागात गेले होते. वाटेतलं इंग्रजांच्या काळचं दगडी चर्च आज उघडं दिसलं. टोकदार कमानी बघत मनोऱ्याखाली आले, तर समोर घंटेचा दोर. देवळातल्या सवयीने हात गेला आणि मी तो जोरात ओढला.

शेजारच्या घरातून एक बाई अनवाणी धावत आल्या. "कौन गया?"

रविवार सोडून ही घंटा वाजली की कोणीतरी वारलं, असा या चर्चचा रिवाज, हे मला नंतर त्या बाईंकडूनच कळलं. त्यांचा नवरा हॉस्पिटलमध्ये आहे.

"कोई नहीं, आंटी, मुझसे गलती से बज गई." त्या पायरीवरच बसल्या.

आपण देवाला 'मी आले' सांगायला घंटा वाजवतो.

उद्या विचारपूस करायला जावंसं वाटतंय. पण मला दारात बघून त्यांच्या छातीत पुन्हा धस्स झालं तर?