दिलेल्या पत्त्यावर राहत नाही

माझी मावशी एकतीस वर्षं पोस्टात पत्रं लावायची. निवृत्त झाल्यावर दोन महिने तिने घरातली कपाटं आवरली, आम्हा सगळ्यांना कारणाशिवाय फैलावर घेतलं आणि मग बेघरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत जायला लागली. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

संस्था म्हणजे बंद पडलेल्या छापखान्यामागच्या तीन खोल्या. एकीत आंघोळीची सोय आणि कपडे धुण्याचं मशीन, दुसरीत सामान ठेवायला कुलपाची कपाटं, तिसरीत मावशी. रात्री तिथे कुणी झोपत नाही, तेवढी जागाच नाही. पण संस्थेचा पत्ता मात्र वापरायला मिळतो. घर नसलेल्या माणसाला नोकरीचं, दवाखान्याचं पत्र येणार कुठे? ते संस्थेच्या पत्त्यावर येतं. मावशी ती पत्रं भिंतीवरच्या लाकडी खणांत लावते आणि ज्याचं त्याच्याच हातात देते. देताना मुद्दाम मोठ्याने म्हणते, "अहो साहेब, पत्र आलंय तुमचं!" दिवसभर 'ए, ऊठ इथून' ऐकणाऱ्याच्या कानांवर तेवढं तरी पडावं, असं तिचं म्हणणं. मी शनिवारी तिथे कपड्यांच्या मशीनवर असते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

तिथे येणाऱ्या एकाला सगळे पेंटर म्हणतात. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. छापील फलक आले आणि हातचं काम गेलं. बायको आजारात गेली, पाठोपाठ भाड्याची खोलीही. तेरा वर्षांची मुलगी त्याच्या बहिणीकडे होती आणि बहिणीने स्पष्ट सांगितलं होतं, "दादा, शाळेचं वर्ष संपेपर्यंत सांभाळते. पुढे मला जमणार नाही." म्हणजे पुढे बालगृह. सरकारी कार्यालयात बेघरांसाठी खोल्यांची यादी असते. तिच्यात पेंटरने चार वर्षांपूर्वी संस्थेचा पत्ता देऊन नाव घातलं होतं आणि यंदा त्याचा नंबर लागला होता. वर्ष संपायला सात आठवडे उरले होते.

एका शनिवारी त्या कार्यालयाचे तपासनीस पत्ता तपासायला आले. हातात फाइल, नाकाला रुमाल. रुमाल कशासाठी, देव जाणे. आमच्याकडे तर साबणाचा वास येतो.

"हा माणूस इथे राहतो का?" पेंटरच्या नावावर बोट ठेवून त्यांनी विचारलं.

मावशी म्हणाली, "नाही. राहत नाही. त्यांची पत्रं येतात इथे."

खरं तेच बोलली. एकतीस वर्षं ज्या बाईने माणूस पत्त्यावर नसेल तर पाकिटावर तसं लिहून ते परत पाठवलं, ती दुसरं काय बोलणार? तपासनिसांनी फाइलमध्ये खूण केली आणि ते गेले.

पुढच्या शनिवारी पेंटरच्या खणात पत्र आलं. मावशीने नेहमीसारखं 'साहेब' म्हणून दिलं. त्याने उघडलं, वाचलं आणि तिच्याच हातात ठेवलं. 'अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. सबब अर्ज रद्द.' पेंटर पिशवी उचलून बाहेर पडला. ओरडला असता तर बरं झालं असतं. मावशी त्या दिवशी जेवली नाही. "माझ्या तोंडाने गेली त्याची खोली," एवढंच घोकत राहिली.

मला मात्र तिचा नाही, त्या कार्यालयाचा संताप आला. बेघर माणूस पत्त्यावर सापडला नाही म्हणून त्याला घर नाही! हा नियम ज्याने लिहिला, त्याला एक रात्र फुटपाथवर झोपवायला हवं, असं मला आजही वाटतं.

सोमवारी आम्ही दोघी कार्यालयात गेलो. तिथले साहेब म्हणाले, "बाई, राहण्याचा पुरावा लागतो. तो कुठे राहतो?"

"बंद सिनेमागृहाच्या पायरीवर."

"पायरी हा पत्ता होत नाही."

मावशी उठली. "होतो की नाही, ते पोस्ट ठरवेल," म्हणाली आणि मला ओढत बाहेर घेऊन आली.

तिने रजिस्टर पत्र केलं, पोचपावतीसकट. पाकिटावर पेंटरचं पूर्ण नाव आणि खाली, 'बंद सिनेमागृह, पूर्वेकडचा जिना, खालून तिसरी पायरी, तिकीट खिडकीलगत.' त्या भागातला पोस्टमन तिच्याच हाताखाली तयार झालेला. त्याने सकाळी आठला पायरीवर जाऊन पत्र दिलं, सही घेतली. पोचपावती शिक्क्यानिशी परत आली. मावशी तेवढ्यावर थांबली नाही. पहिलं धरून तीन आठवडे, दर सोमवारी, एकेक पत्र.

तक्रार केल्यावर मिळालेल्या सुनावणीला तिने तिन्ही पावत्या साहेबांसमोर मांडल्या. सोबत मी होते आणि पेंटर, धुतलेल्या शर्टात. साहेबांनी पावत्या उलटसुलट केल्या, कुणाला तरी फोन लावला आणि अखेर म्हणाले, "ठीक आहे. नाव परत घेतो. या महिनाअखेर खोली मिळेल."

पेंटर खुर्चीत टेकला. मला वाटलं, झालं. मावशी जागची हलली नाही.

"हाच शेरा मारून यंदा आणखी किती नावं काढलीत?"

साहेब टाळत होते. मग यादी काढून बघितलं त्यांनी. "एकशे बारा."

"त्यांना कळवा."

"कळवणार कुठे? त्यांचे पत्ते चुकीचे होते म्हणून तर काढले!" हे बोलताना त्या माणसाला काहीसुद्धा वाटलं नाही. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाने.

तेव्हा पेंटरने खुर्ची टेबलाजवळ ओढली. त्या कार्यालयात तो पहिल्यांदाच आवाज चढवून बोलला.

"नावं वाचा," तो म्हणाला. "कोण कुठे झोपतं, मी सांगतो."

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही तिघंही उठण्यातले नव्हतो. त्यांनी पहिलं नाव वाचलं.

"बस डेपो, मागची भिंत, पाण्याच्या टाकीखाली," पेंटर म्हणाला. "लिहा."