पेला उपडा करणारे

रविवारी दुपारी हॉटेलात शेजारच्या टेबलावरचे एक सुटाबुटातले गृहस्थ मान मागे टाकून, रिकाम्या ग्लासातला शेवटचा थेंब जिभेवर पाडत होते. कॉलेजात इंग्रजी शिकवणारी माझी नात कुजबुजली, “आजी, जुन्या इंग्रजीत दारुड्याला टॉसपॉट म्हणायचे. म्हणजे पेला उपडा करणारा.”

ज्यानं हा शब्द घडवला, त्याला डोळे होते. मी बावळट! पूर्वी आमच्याकडं भांडी घासणाऱ्या शांताचा नवरा बेवडा, आणि आमचे हे मात्र ‘थोडीशी घेतात’. सकाळी उठवेना की हापिसात ‘ताप आलाय’ म्हणून मीच कळवायची.

शांता एकदा म्हणाली, “बाई, माझ्याला गल्ली बेवडा म्हणते. तुमच्या साहेबांना ताप येतो.”

तिला मी त्याच दिवशी कामावरून काढलं. ताप मात्र पुढं वीस वर्षं कळवत राहिले.