नातीच्या रेसगाडीचा पट्टा

जवळ असतीस तर समोर बसवून सांगितलं असतं. फोनवर लांबून हसायला काय जातंय तुझं? "मावशी, तू आणि रेसची गाडी!" म्हणालीस आणि खिदळत बसलीस. दोन वर्षं झाली, सोलापूरच्या स्टँडवर पाय ठेवला नाहीस, आणि आमचं हितं काय चाललंय ते तुला फोनवर कळणार व्हय? म्हणून लिहून काढतेय. नीट वाच. मध्येच दुसरं काही बघत बसू नको.

आमच्या घरामागची शेड तुला आठवत असेल. तुझ्या काकांच्या वेळी तिथं माग चालायचे. माग गेले, आता तिथं माझ्या लेकाचं गॅरेज आहे. मागाचा एक बीम तेवढा राहिलाय, ताण्याचं सूत गुंडाळायचा लोखंडी रूळ. दोन माणसांना हलत नाही, म्हणून कुणी नेला नाही. त्या शेडमध्ये माझ्या लेकानं आणि त्याच्या लेकीनं मिळून एक जुनी छोटी गाडी सोलून काढली. मागची सीट गेली, गालिचा गेला, दारांच्या आतला पत्रा गेला. आत जाड पाइपांचा पिंजरा जोडला, गाडी उलटली तर छप्पर डोक्यावर बसू नये म्हणून. शर्यत म्हणजे मातीच्या मैदानावरची. एकेक गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. चालवणार कोण? नात. बाप इंजीन बघणार.

सून शेडकडं फिरकायला तयार नव्हती. मलाच म्हणाली, "तुमीच लाडावलंय तिला. लहानपणी सायकलवरनं पडली की ओवाळायचा, आता बसा ओवाळत."

पोरगी बावीस वर्षांची, डिप्लोमा झालेली, चिंचोळीच्या कारखान्यात नोकरीला. तिला नको म्हणायचे दिवस गेले होते. मग मी ठरवलं, नको म्हणता येत नाही तर निदान तिच्या अंगावर काय चढतंय ते मी बघणार. दुपारचं जेवण झालं की शेडमध्ये खुर्ची टाकून बसायला लागले. खुर्चीत बसायचे कुठली! हे उचल, ते चाचप, असंच चालायचं.

लेकाचा सगळा जीव इंजिनात. हेल्मेट म्हणशील तर, "माझं मोटारसायकलचं हाय की." नात म्हणाली, "पप्पा, ते चालत नाही. आणि ते एकदा रस्त्यावर आपटलंय. वरून दिसत नाही, आतून गेलेलं असतं." नवीन आलं. आग विझवायचा लाल डबा आला. तो लेकानं मागं, डिकीच्या जागेत बसवला. मी म्हटलं, "अरे, पट्टे आवळून बसलेल्या पोरीचा हात तितं कसा जाईल?" तर म्हणतो, "आई, बसून दाखव मग."

बसले की! पिंजऱ्याच्या पाइपावरून पाय टाकताना पातळ अडकलं, नात हसता हसता खाली बसली. पण बसले. गाडीचा जुनाच पट्टा आवळून घेतला आणि हात मागं टाकला. बोटं कुठल्या कुठं! डबा दुसऱ्याच दिवशी सीटच्या पुढं आला. इंजीन बंद करायचा तांबडा खटका लेकानं लांब लावला होता, तोही जवळ आला. बाहेर निघायला मात्र मला दोघांनी ओढावं लागलं.

मग आला अंगातला सूट. नातीनं मागवलेला, निळा, चमकदार, वर आगीपासून वाचवणारा म्हणून लिहिलेलं. मी कापड बोटांत घेतलं आणि मला ते पटेना. तीस वर्षं टॉवेलचे काठ शिवलेत मी, कापड बोटाला खोटं बोलत नाही. आमच्या कारखान्यात सुताची परीक्षा काडीपेटीनं व्हायची. एक धागा काढायचा आणि पेटवायचा. निव्वळ सूत असेल तर कागदासारखं जळतं, राख होते. भेसळ असेल तर वितळून काळा मणी होतो, बोटाला चिकटला की कातडी घेऊनच निघतो. शिवणीच्या आतला एक धागा काढला, काडी लावली. आक्रसला आणि टणक मणी झाला.

"हे घालून आगीत बसणार हायस व्हय गं?" मी म्हटलं.

नातीचं तोंड उतरलं. सूट परत गेला. दुसरा आला त्याचाही धागा मी जाळला. तो करपला, काळा पडला, पण वितळला नाही, आणि काडी विझली तसा तोही विझला. त्या दिवसापासून शेडमध्ये माझा मान वाढला. लेक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "आमची तपासणी आई करते, शर्यतवाल्यांच्यापेक्षा कडक." मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, लई आवडायचं.

आणि तिथंच माझं चुकलं.

पट्टा लेकानं आणला होता, ओळखीच्या माणसाकडून. त्यानं शर्यती सोडल्या होत्या. सहा टोकांचा पट्टा असतो तो. दोन खांद्यांवरून, दोन कमरेचे, दोन मांड्यांमधून, आणि सगळे पोटावरच्या एका कुलपात अडकतात. लाल रंगाचा, थोडा विटलेला. डाव्या खांद्याची शिवण कडीपाशी उसवली होती. लेक म्हणाला, "एवढंच हाय. आई शिवंल की." नात जरा थांबली, "चालतं का असं?" म्हणाली. मीच म्हटलं, "का चालत न्हाय? मी शिवल्यावर हत्ती टांगा."

पत्र्याच्या पेटीतली जाड सुई काढली, ताडपत्रीची. सगळ्यात मजबूत दोरा घेतला. चौकोन, चौकोनात फुली, त्यावर परत दुसरी फुली. इतके दाट टाके, की दोरा कुठला आणि पट्टा कुठला ते कळू नये. नातीनं त्याचा फोटो काढला. कारखान्यातल्या मैत्रिणींना दाखवला, "माझ्या आज्जीनं शिवलंय."

चार-पाच दिवसांनी ब्लाऊजला हुक लावायचा म्हणून बटणांचा डबा उघडला. वरतीच एक पांढरी चिंधी, बोटाएवढी. हातात घेतली तेव्हा आठवलं. पट्ट्याचं लेबल. शिवणीच्या आड येत होतं म्हणून आधी उसवलं होतं. कारखान्यात तीच पद्धत. काठ दुरुस्त करायचा तर लेबल काढायचं, बाजूला ठेवायचं, काम झालं की परत लावायचं. हजारदा केलं असेल. या वेळी काढलं ते डब्यात टाकलं आणि विसरले.

तुला माहीत आहे, इंग्रजी अक्षरं मी शाळेत शिकले नाही. बाहेर देशी जाणाऱ्या टॉवेलांच्या लेबलांवरून एकेक ओळखत शिकले. चष्मा लावला. अक्षरं सगळी लागली नाहीत, पण आकडे लागले. महिना आणि साल. पट्ट्याची मुदत. नात दहावीला होती, तेव्हाच संपलेली.

आता सांग, मी काय करावं? लेबल परत डब्यात टाकलं. डबा फळीवर ठेवला. स्वयंपाकघरात गेले, भाकरी थापायला घेतली आणि तव्यावरची जळली. आमटीत दोनदा मीठ पडलं. सून म्हणाली, "आत्या, बरं न्हाय का?" बरं आहे म्हटलं. अंगणात गेले, परत आत आले. मनात एकच, शिवण तर माझी आहे, माझी शिवण कधी उसवली नाही. आणि लगेच दुसरं, शिवण नाही उसवणार, पण पट्टा? उन्हात विटलेलं कापड कसं असतं ते मला सांगायला पाहिजे का? पण हे तोंडानं म्हणायचं म्हणजे पोरीच्या मैत्रिणींपर्यंत पोचलेला तो फोटो पुसायचा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी ते गिळून बसले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुला लिहितेय.

दुपारी नात कारखान्यात होती. लेकाला म्हटलं, "तो पट्टा काढ. बीम टांगायचाय त्याला."

"आई, सोताच्या शिलाईवर भरवसा न्हाय व्हय?"

"काढ म्हटलं ना."

हसत हसतच त्यानं डावा पट्टा सोडवला. एक टोक छताच्या लोखंडी तुळईला जखडलं, दुसऱ्या टोकाला साखळीनं बीम बांधला. चेनपुलीनं बीम वर घेतला आणि मला भिंतीपर्यंत मागं सरकवलं. मग बीम पेललेला पुलीचा हूक दांड्यानं उडवला, म्हणजे सगळा भार झटक्यानं पट्ट्यावर यावा.

मोठा आवाज असा आलाच नाही. जुनं धोतर फाडताना येतो तसा आला, आणि बीम जमिनीत रुतला. वर तुळईला अर्धा पट्टा लोंबत होता. माझे टाके एकही उसवले नव्हते. पट्टा माझ्या टाक्यांच्या ओळीवरच फाटला होता, सरळ, कातरीनं कापावा तसा. त्या जाड सुईनं मी एकेक भोक पाडत गेले होते, आणि आधीच कुजलेल्या कापडाला तिथंच वाट करून दिली होती.

लेक हसायचा थांबला. तो तुळईकडं बघत राहिला, मी खुर्ची शोधत राहिले.

संध्याकाळी नात आली. मी दारातच लेबल आणि फाटका पट्टा तिच्या हातात दिला. सगळं सांगितलं. लेबल कधी सापडलं तेही.

"काल?" ती म्हणाली. "काल सापडलं आणि आज सांगतेस?"

"व्हय."

"आज सकाळी मी त्यात बसले होते आज्जी. मैदानावर चाचणीला नेली होती आम्ही गाडी."

मला खरंच ठाऊक नव्हतं. सकाळी लवकर नेली, कामाला जायच्या आधी आणून ठेवली, मी तेव्हा नळाचं पाणी भरण्याच्या मागं होते. पण ठाऊक नव्हतं याचा काय उपयोग? ती आत गेली. ताट घेऊन आतच जेवली. दुसरा दिवसही तसाच. त्या दिवसांत मी घरातलं प्रत्येक कपाट आवरलं असेल, आणि आवरलेलं परत उपसलं.

तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर येऊन बसली. मोबाईलवर नव्या पट्ट्याचा फोटो होता. "लेबल वाच," म्हणाली. मी वाचलं. महिना वाचला, साल वाचलं. "अजून बरीच वर्षं हायत," मी म्हटलं. मग ती म्हणाली, "मीही पट्टा बघायला पाहिजे होता की. तू शिवतेयस म्हणून मी बघितलाच नाही." एवढंच. रंगाचे पैसे नव्या पट्ट्यात गेले, गाडी रंगवायची राहिली. गाडी अजून तशीच आहे, निम्मी पांढरी, निम्मी पत्र्याच्या रंगाची.

आता नियम काय आहे, तर पट्टे बसणाऱ्यानं एकट्यानं आवळायचे नाहीत, बाहेरून दुसऱ्यानं ओढायचे. नात म्हणाली, खांद्याचे आज्जी ओढणार. रोज संध्याकाळी सराव चालतो आमचा. तिचा श्वास अडकेपर्यंत ओढते. "आज्जी, जीव घेशील माझा," म्हणते. सैल मात्र करत नाही मी.

पुढच्या महिन्यात शर्यत आहे. पट्टे ओढले की दोरीच्या पलीकडं जाऊन उभं राहायचं, एवढंच माझं काम. सून येणार नाही म्हणते. लेक घड्याळापाशी असणार. गाडी सुटली की माझ्या हाताला काही काम उरणार नाही. ते हात घेऊन मी एकटी कुठं उभी राहू?

म्हणून म्हणते, ये. हसायचं तर हितं येऊन हस. दोन दिवस आधीच ये म्हणजे तुलाही गाडीत बसवते, पट्टे आवळून दाखवते, आणि बाहेर तुझं तूच निघायचं. जेवायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहेच. पण ये लवकर, आणि त्या दिवशी माझ्याजवळ उभी राहा.